लेकरांना घेऊन डोंगरात : भंडारदऱ्याचा दोन रात्रींचा मुक्काम

डोंगरात मुक्कामाला जायचे म्हटले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा आणि दुसरा लेकरांचा. पैशाचे कसेबसे जमते. महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले की वर्षाकाठी एका सहलीपुरते साठतात. लेकरांचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. "पोरं जरा मोठी होऊ द्या, मग जाऊ," असे म्हणता म्हणता पोरे दहावी-बारावीला लागतात आणि जायचे राहून जाते. दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला आकाशात खरोखर किती तारे असतात, भात कुठे पिकतो, नळाचे पाणी कुठून येते, हे पुस्तकातूनच कळते.

म्हणून आमच्या वस्तीतल्या चार कुटुंबांनी ठरवले, की मुले लहान असतानाच जायचे. आम्ही मोठी माणसे नऊ, त्यांत एक आजी. मुले सात, सर्वांत लहान दीड वर्षाचे, सर्वांत मोठे नऊ वर्षांचे. आमच्यात कोणी गिर्यारोहक नाही. कोणी कारखान्यात, कोणी पालिकेच्या सफाई खात्यात, कोणी रिक्षावर, दोघी घरकामाला जाणाऱ्या. दिवाळीच्या सुट्टीतले शेवटचे तीन दिवस सगळ्यांना मिळून मोकळे सापडले. आमच्यासारख्या इतर कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हा मजकूर लिहीत आहोत.

कुठे जावे?

पहिल्या बैठकीत माथेरानचे नाव निघाले. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जाऊ देत नाहीत, त्यामुळे मुलांना मोकळेपणी चालता येते, ही मोठी सोय. पण सुट्टीत तिथल्या खोल्यांचे भाडे आम्हाला झेपणारे नव्हते. दुसरे नाव कार्ले-भाजे लेण्यांचे. मळवली स्टेशनावर उतरून जाता येते, खर्च कमी, आणि लेणी मुलांनी पाहावीत अशीच. पण ती सहल एका दिवसाची. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे हेच बरे. तिसरे नाव मुंबई-पुण्याजवळच्या एका धरणाकाठच्या तंबूंचे. तिथे आमच्यातले एक दादा आधी मित्रांबरोबर जाऊन आले होते. त्यांनीच सांगितले, "रात्रभर गाणी लावतात, बाटल्या फुटतात. बायका-मुलांना घेऊन जायचं ते ठिकाण नव्हे."

शेवटी भंडारदरा ठरले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत हे ठिकाण आहे. प्रवरा नदीवर इथे विल्सन धरण आहे. १९१० मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उंची सुमारे ८२ मीटर. धरणामागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. हेच पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला जाते. आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य पसरलेले आहे आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, इथूनच दिसते.

जाण्याचा मार्ग आपल्या खिशाला परवडणारा आहे. मध्य रेल्वेच्या लोकलने कसाऱ्यापर्यंत जायचे. पुढे घाट चढून इगतपुरी, घोटी, बारी आणि मग धरणाजवळचे शेंडी गाव. इगतपुरीहून हे अंतर साधारण ४० ते ४५ किलोमीटर आहे. आम्ही कसाऱ्याहून दोन जीपगाड्या आधी ठरवल्या होत्या, कारण घाटात मुलांना उलट्या होतात तेव्हा गाडी थांबवता आली पाहिजे. एस.टी.ने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. कुटुंब मोठे असेल तर हा फरक बराच होतो.

कोणत्या दिवसांत जावे?

पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन तंबूत राहण्याचा विचारही करू नये. घाटघर आणि रतनवाडीच्या बाजूला इतका पाऊस पडतो, की घाटघरला लोक नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला झाडांवर काजवे लखलखतात. ते दृश्य मुलांना आयुष्यभर आठवेल असेच. पण त्या दिवसांत गर्दी फार, आणि वळवाचा पाऊस केव्हा गाठील याचा नेम नसतो. काजवे पाहायचेच असतील तर पक्क्या छपराखाली राहावे, वनखात्याचे नियम पाळावेत आणि झाडांवर बॅटरीचा झोत टाकू नये. काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदाराला घातलेली साद असते. आपल्या उजेडात ती हरवते.

लहान मुलांसाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. धरण भरलेले असते, भाताची कापणी चाललेली असते, रस्ते सुकलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी फार बोचते, म्हणून दोन वर्षांखालील मूल असेल तर नोव्हेंबरच बरा.

दोन जागा, एक निर्णय

जाण्यापूर्वी आमच्यातले दोघे पुरुष आणि दोघी बाया एका रविवारी जागा पाहायला गेलो. एवढा खर्च कशाला, असे काहींना वाटले. पण मुलांना झोपवायची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फोटोत झाडे दिसतात, पाणी दिसते. संडास कुठे आहे ते दिसत नाही.

दोन जागा पाहिल्या. पहिली अगदी पाण्याच्या काठी. समोर निळे पाणी, मागे डोंगर, तंबू रंगीबेरंगी. पुरुषमंडळी पाहताक्षणीच खूश झाली. दुसरी जागा गावालगत, एका महादेव कोळी शेतकऱ्याच्या खळ्यावर. पाणी तिथून दिसते, पण पायी दहा मिनिटे लांब. तंबू साधे. मात्र आवारात पक्का संडास, चालू हातपंप, अंगणात दिवा, आणि घरची माणसे रात्री तिथेच झोपणारी.

परतीच्या वाटेवर वाद झाला. "एवढ्या लांब यायचं आणि पाणी सोडून खळ्यावर झोपायचं?" असे एकाने म्हटले. त्यावर आमच्या वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "रात्री दोन वाजता पोरगं उठून तंबूबाहेर गेलं, तर पहिलं पाऊल कुठं पडेल?" गाडीत कोणी काही बोलले नाही. वहिनींच्या माहेरी एक मूल विहिरीत गेलेले आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो, हेही त्या दिवशी शेतकरी दादांनी समजावून सांगितले. आवर्तन सुटले की पाणी मागे सरते आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो सुकलेला, भेगा पडलेला दिसतो. आत पाय रुततो. पुढे पाण्याखाली एकदम उतार असतो. "आमची पोरं इथंच वाढली, ती पण मोठ्या माणसाबिगर खाली जात नाहीत. आणि कडेला रातीला वारा लई सुटतो ताई," असे ते म्हणाले. खळ्याची जागा ठरली.

जागा ठरवताना काय विचारावे?

आमच्या अनुभवावरून पुढील प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावेत आणि उत्तर गोलमाल आले तर दुसरी जागा शोधावी.

पाण्याचा काठ आणि दरीची कड तंबूपासून किती लांब आहे? मध्ये कुंपण आहे का? आवारात उघडी विहीर आहे का?

संडास पक्का आहे का, त्यात रात्री दिवा लागतो का, तंबूपासून किती पावलांवर आहे? बायांना आणि मुलींना अंधारात लांब जावे लागू नये.

पिण्याचे पाणी कुठले? ते उकळून देतील का?

गाडी तंबूपर्यंत येते का? रात्री एखादी गाडी आणि चालक जवळ असतो का? मोबाईलला रेंज मिळते का? जवळचा दवाखाना कोणता आणि किती अंतरावर?

इतर कोण लोक उतरणार आहेत? दारू आणि मोठ्या आवाजातली गाणी चालतात का?

तंबूखालची जमीन सपाट आहे का? जवळ दगडांचा ढीग, गवताची गंजी, लाकडे रचलेली आहेत का? अशा ठिकाणी विंचू-साप असतात.

हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांत मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूणही कधी कधी दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. म्हणून उघड्यावर सतरंजी टाकून मुलांना झोपवू नये. तंबूची चेन सदैव बंद ठेवावी, तंबूत खाऊ ठेवू नये, कारण खाऊला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. बूट-चपला झटकून घालाव्यात. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. हात किंवा पाय मोडल्यावर जसा स्थिर ठेवतो तसा ठेवून थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. प्रतिविष तिथे मोफत मिळते. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात कितीतरी मुले दगावत. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून मृत्यू फार कमी झाले. पण औषध वेळेवर मिळाले तरच. भंडारदऱ्याहून राजूरचे सरकारी रुग्णालय वीस किलोमीटरच्या आत आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही मोफत येते. तरी जवळ गाडी असणे हे सर्वांत खरे.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट

पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास आमच्यातले तीन वर्षांचे मूल उलट्या करू लागले, पाठोपाठ जुलाब. अंगात ताप. त्याच्या आईचे हातपाय गळाले. दिवा आवारात होता, संडास जवळ होता, हातपंप दहा पावलांवर. शेतकरी दादांच्या घरच्या मावशी उठल्या, चूल पेटवून पाणी उकळले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण आमच्या अंगणवाडीच्या ताईंकडून आम्हाला पाठ होते. चमच्या-चमच्याने पाजत राहिलो. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा सुरू करायचे.

मूल पेंगुळले, ओठ सुकलेले दिसले, तेव्हा उजाडण्याची वाट न पाहता जीप काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले, औषध दिले, दोन तास ठेवून घेतले आणि म्हणाले, "पाणी पाजत राहिलात हे बरं केलंत." सूर्य वर आला तेव्हा मूल बिस्किट मागत होते. त्या पाण्याकाठच्या जागेहून गाडीरस्त्यापर्यंत अंधारात खडकाळ चढ होता. जागा पाहताना आम्ही तो दिवसाउजेडी चढलो होतो, तेव्हाही दम लागला होता. आजारी मूल कडेवर घेऊन तो चढायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब त्या दिवशी प्रत्येकाने मनात केला.

मुलांनी काय पाहिले?

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आणि साम्रदची सांदण दरी ही लहान मुलांची कामे नव्हेत. ती मोठेपणी करावीत. मुलांना तेवढे लागतही नाही. धरणाची दगडी भिंत पाहून एकीने विचारले, "हे कोणी बांधलं?" गव्हर्नराचे नाव फलकावर असते. दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या मजुरांची नावे कुठे नसतात, हे आजींनी तिला सांगितले. रंधा धबधबा सुमारे १७० फुटांवरून कोसळतो; तिथे कठड्यामागे उभे राहून, मुलांचे मनगट धरून पाहिले. बोट धरू नये, मनगट धरावे, बोट निसटते.

सर्वांत जास्त वेळ मुले रमली ती भाताच्या खळ्यात. झोडपणी कशी करतात ते पाहिले, पेंढ्यावर उड्या मारल्या, संध्याकाळी अंगाला खाज सुटली म्हणून गरम पाण्याने आंघोळी झाल्या. मावशींनी नागलीची भाकरी थापून दाखवली. याच अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईला सरकारने एवढा मान दिला, हे ऐकून आमच्यातल्या दोघी कितीतरी वेळ तेच बोलत होत्या.

रात्री तारे पाहिले. कृत्तिकांचा झुबका मुलांना लगेच सापडला. मृग वर यायला उशीर होता. तोवर निम्मी मुले झोपली.

चूल कोणाच्या गळ्यात?

एक गोष्ट भगिनींच्या वतीने सांगायची आहे. आपल्याकडे सहल म्हटली की पुरुष फिरतात आणि बाया तिथेही कांदे चिरत बसतात. जाण्यापूर्वीच आम्ही ठरवले होते, की दोन वेळचे जेवण मावशींकडून घ्यायचे आणि त्याचे ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यायचे. त्यांनाही चार पैसे मिळाले. सकाळचा चहा आणि मुलांचे दूध पुरुषांनी करायचे. रात्री जागे राहण्याची पाळी दोन-दोन तासांची, त्यात पुरुषही. पाण्याजवळ गेलो की मुलांवर नजर ठेवणारे दोघे नावानिशी नेमलेले. सगळ्यांनी लक्ष ठेवायचे म्हटले की कोणीच ठेवत नाही. या एका व्यवस्थेमुळे आमच्यातल्या एक ताई लग्नानंतर प्रथमच दुपारी झाडाखाली स्वस्थ झोपल्या, असे त्या स्वतःच म्हणाल्या.

बरोबर काय न्यावे?

जमिनीची ओल आणि गारठा खालून येतो, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवे. आम्ही खाली भाताचा पेंढा, त्यावर ताडपत्री, त्यावर गोधड्या असे घातले. मुलांना कानटोप्या आणि मोजे. दोन बॅटऱ्या, शिट्टी, दोरी, साखर-मीठ, तापाचे औषध, डॉक्टरांना विचारून घेतलेली मुलांची नेहमीची औषधे, जुन्या सुती कापडांचे गाठोडे. प्रत्येक मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि एक इशारा : थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही घेऊ नयेत. त्या धुराला वास नसला तरी त्यातला विषारी वायू झोपलेल्या माणसाला जागे होऊ देत नाही. शेकोटी बाहेर, तंबूपासून लांब, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवलेली.

येताना कचरा पिशवीत भरून खाली आणला. ज्यांच्या घरातली माणसे शहराचा कचरा उचलतात, त्यांच्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, डोंगर ही काही पैसेवाल्यांची मिरास नाही. आपल्या लेकरांनाही मोकळी हवा, स्वच्छ आकाश आणि आई-बापांचे दोन निवांत दिवस मिळाले पाहिजेत. त्यासाठी फार पैसा लागत नाही. चार कुटुंबे एकत्र आली, जागा आधी पाहिली आणि विचारायचे ते न लाजता विचारले, म्हणजे पुष्कळसे होते. आणि जागा ठरवताना घरातल्या बाईचे मत शेवटी नव्हे, सर्वांत आधी घ्यावे.